'कायम' आणि 'लवकर' : अलिंदकंपनावरील कॅथेटर ॲब्लेशनच्या कालनिर्णयाचा इतिहास

१

एखाद्या रोगावर कोणता उपचार करावा या प्रश्नाचा इतिहास वैद्यकात तपशिलाने लिहिला गेला आहे. तो उपचार केव्हा करावा या प्रश्नाचा इतिहास मात्र क्वचितच स्वतंत्रपणे लिहिला जातो. याचे कारण उघड आहे. उपचाराला जनक असतो, प्रथम प्रयोगाचा दिनांक असतो, उपकरण असते. वेळेला यांपैकी काहीच नसते. ती बहुधा रोगाच्या नावात किंवा उपचाराला लावलेल्या विशेषणात दडलेली असते, आणि वापरणाऱ्यालाही ती तेथे आहे याची जाणीव नसते. प्रस्तुत लेखात अशा एका रोगाची व एका उपचाराची नावे तपासून पाहावयाची आहेत. लेखक वैद्यकाचा नव्हे, भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. तेव्हा कोणत्या रुग्णाने काय करावे हे सांगण्याचा येथे अधिकार नाही आणि हेतूही नाही. शब्दांनी निर्णयांना कसे वळण दिले, एवढेच पाहावयाचे आहे.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना आपल्या शास्त्रीय परिभाषेत अलिंदे म्हणतात व खालच्या दोहोंना निलये. अलिंद म्हणजे घरापुढची ओसरी, निलय म्हणजे घर. रक्त प्रथम ओसरीवर येते व मग घरात शिरते. निरोगी स्थितीत अलिंदांतील एका लहानशा केंद्रातून विद्युत्-प्रेरणा निघते आणि हृदय तालात आकुंचन पावते. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हा ताल नाहीसा होतो. अलिंदांचे स्नायू एकदम आकुंचन न पावता मिनिटाला काही शे वेळा विस्कळीतपणे थरथरतात, आणि निलयांची गती अनियमित होते. पुढील विवेचनात या विकारास सोयीसाठी 'अलिंदकंपन' म्हटले आहे. यात धडधड, थकवा, धाप ही लक्षणे आढळतात. काही रुग्णांना काहीच जाणवत नाही. परंतु अलिंदात रक्त साकळून त्याची गुठळी मेंदूकडे जाण्याचा धोका लक्षणे नसतानाही असतो.

कॅथेटर ॲब्लेशन म्हणजे मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, जेथून अनिष्ट विद्युत्-प्रेरणा उठतात त्या जागेभोवती उष्णतेने, अतिशीताने किंवा अलीकडे विद्युत्-स्पंदांनी व्रण निर्माण करणे. या व्रणातून प्रेरणा पलीकडे जाऊ शकत नाही. 'ॲब्लेशन' हा शब्द लॅटिनमधील 'दूर नेलेले' या अर्थाच्या धातुसाधितापासून आला आहे, आणि पाश्चात्त्य व्याकरणातील 'ॲब्लेटिव्ह' या विभक्तीचे नावही त्याच धातुसाधितापासून आले आहे. आपल्याकडे तिला पंचमी म्हणतात आणि तिचा कारकार्थ अपादान. मराठीत हे काम 'हून', 'पासून' ही रूपे करतात. हा योगायोग केवळ गमतीचा नाही. कारण या उपचाराच्या वेळेविषयी जो वाद गेली वीस वर्षे चालला आहे, त्याचा गाभा 'कशापासून' या एका प्रश्नात आहे, असे पुढे दिसून येईल.

२

विसाव्या शतकाच्या आरंभी या विकाराला निश्चित नाव नव्हते. अनियमित नाडी वैद्यांना पूर्वापार ठाऊक होती. विल्यम विदरिंग याने १७८५ साली डिजिटॅलिसच्या पानांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हाही त्याच्या रुग्णांपैकी काहींना हाच विकार असावा असे आज मानले जाते. परंतु अनियमितपणाचे मूळ अलिंदात आहे हे कोणास माहीत नव्हते. १९०३ साली हाइनरिख एवाल्ड हेरिंग याने अशा नाडीला एक लॅटिन नाव दिले: 'पल्सस इर्रेग्युलॅरिस पर्पेच्युअस', म्हणजे सदैव अनियमित असलेली नाडी. या नावातील तिसरा शब्द आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. 'पर्पेच्युअस' म्हणजे अखंड. कारण ठाऊक होण्यापूर्वीच विकाराच्या नावात त्याच्या कालावधीचा निकाल लागला होता. जे अखंड आहे त्याला आरंभ शोधण्याचे कारण नाही, आणि ज्याला आरंभ नाही त्यावर 'वेळेवर' उपचार करणे या शब्दांना अर्थ उरत नाही.

याच सुमारास इंग्लंडमध्ये बर्नली या गिरणगावात जेम्स मॅकेन्झी हा साधा व्यवसायी डॉक्टर मानेतील शिरेचे स्पंदन कागदावर रेखाटीत होता. एकाच रुग्णाला अनेक वर्षे पाहण्याची जी संधी गावच्या डॉक्टरला मिळते, ती मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञाला मिळत नाही. संधिवाताच्या ज्वराने हृदयाची झडप आकसलेल्या एका स्त्रीचे आलेख तो दीर्घकाळ घेत आला होता. १८९७-९८ च्या सुमारास, अलिंदाच्या आकुंचनाने उमटणारी लाट त्या आलेखातून नाहीशी झाली. नाडी तेव्हापासून अनियमित झाली. अलिंद लुळे पडले असावे असा निष्कर्ष मॅकेन्झीने काढला. तो बरोबर नव्हता. पण त्याच्या आलेखात एक अशी गोष्ट होती जी हेरिंगच्या नावात नव्हती, ती म्हणजे आरंभाची खूण.

यानंतर घटना वेगाने घडल्या. १९०६ साली विलेम आइन्थोव्हेन याने आपल्या तंतु-गॅल्व्हानोमीटरवर घेतलेल्या हृदयालेखांत या विकाराचाही आलेख प्रसिद्ध केला. १९०७ साली आर्थर कश्नी व चार्ल्स एडमंड्स यांनी रुग्णाची अनियमित नाडी आणि प्रयोगशाळेतील कुत्र्याचे थरथरते अलिंद यांतील साम्य दाखविले. १९०९ साली लंडनमध्ये टॉमस ल्युइस याने, आणि व्हिएन्नात रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी, ही अनियमितता म्हणजे अलिंदकंपनच होय हे विद्युत्-आलेखांच्या आधारे सिद्ध केले. नाव बदलले, कारण कळले. पण 'अखंड' ही कल्पना मात्र सहजी गेली नाही. पुढे कित्येक दशके डिजिटॅलिस देऊन निलयांची गती आवरणे हाच मुख्य उपचार राहिला. अलिंद थरथरत राहणार हे त्यात गृहीतच होते.

या गृहीताला पहिला धक्का एका रुग्णाने दिला. कारेल वेंकेबाख यांच्याकडे १९१२ साली एक डच व्यापारी आला. नाडी बिघडली की आपण क्विनीन घेतो व ती ताळ्यावर येते, असे त्याने सांगितले. आणि दुसऱ्या दिवशी नियमित नाडीनिशी येऊन ते सिद्धही करून दाखविले. वेंकेबाख यांनी १९१४ च्या आपल्या ग्रंथात हा प्रसंग नमूद केला. १९१८ साली फ्राय याने क्विनिडीन अधिक प्रभावी असल्याचे दाखविले, आणि १९६२ साली बर्नार्ड लाउन यांनी एकदिश विद्युत्-प्रवाहाचा आघात देऊन ताल परत आणण्याची पद्धती प्रसृत केली. ताल परत आणता येतो हे आता निर्विवाद झाले. तो टिकत का नाही, हा प्रश्न उरला.

३

या प्रश्नाला दोन निरनिराळी उत्तरे मिळाली, आणि ॲब्लेशन केव्हा करावे याविषयीचे दोन दृष्टिकोण त्यांतूनच निघाले.

पहिले उत्तर अलिंदाच्या भिंतीकडे बोट दाखविणारे होते. गॉर्डन मो यांनी १९५९ पासून मांडलेल्या आणि १९६४ साली संगणकावर तपासलेल्या सिद्धांतानुसार, कंपन म्हणजे अलिंदात एकाच वेळी भटकणाऱ्या अनेक विद्युत्-लहरींचा खेळ होय. १९८५ साली मॉरिट्स अलेसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने त्याला पुष्टी दिली. या सिद्धांताचा स्वाभाविक निष्कर्ष असा, की लहरींना भटकण्यास जागाच ठेवू नये. अमेरिकेतील सेंट लुइस येथे जेम्स कॉक्स यांनी १९८७ साली केलेली 'मेझ' शस्त्रक्रिया याच विचारावर उभी होती. अलिंदात छेद घेऊन व ते शिवून भूलभुलैयासारखी अशी वाट तयार करावयाची, की प्रेरणेला एकाच मार्गाने पुढे जावे लागेल. छाती उघडून करावयाची ही शस्त्रक्रिया उशिराच करावयाची असते हे सांगावे लागत नव्हते. सगळे उपाय थकल्यावरच कोणी तिच्याकडे वळले असते.

दुसरे उत्तर बोर्दो येथून आले. मिशेल ऐसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली ४५ रुग्णांविषयीचा लेख प्रसिद्ध केला. वारंवार झटके येणाऱ्या या रुग्णांत कंपनाला चेतविणारी ६९ केंद्रे त्यांना सापडली, आणि त्यांपैकी ९४ टक्के फुप्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरांच्या आत होती. अलिंदाच्या स्नायूंचे पदर या शिरांत काही अंतर शिरलेले असतात, व तेथूनच ठिणगी पडते. नळीच्या टोकाने ती केंद्रे नष्ट केल्यावर सरासरी आठ महिन्यांच्या काळात ६२ टक्के रुग्णांत विकार परतला नाही. पुढे एकेका केंद्राचा पाठलाग करण्याऐवजी शिरांच्या मुखाभोवती व्रणाचे कडे घालून त्या अलिंदापासून विद्युत्-दृष्ट्या तोडण्याची रीत रूढ झाली.

ठिणगी आणि गंजी अशी उपमा येथे सहज सुचते. ठिणगी शिरेत, गंजी अलिंदात. आता प्रश्न असा की गंजी मुळापासूनच वाळलेली असते, की ठिणग्या पडून पडून वाळते? याचे उत्तर १९९५ सालीच मिळालेले होते, आणि ते नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथील शेळ्यांनी दिले होते. वायफेल्स, अलेसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा शेळ्यांच्या अलिंदांत कृत्रिम उपायांनी पुन्हा पुन्हा कंपन सुरू केले. सुरुवातीला ते काही सेकंदांत आपोआप थांबे. पुढे पुढे ते अधिक वेळ टिकू लागले, आणि काही दिवसांतच बहुतेक शेळ्यांत ते चोवीस तासांहून अधिक काळ चालू राहिले. म्हणजे कंपनातूनच कंपन वाढते. अलिंदाच्या पेशींचे विद्युत्-गुण प्रथम बदलतात. हे बदल मागे फिरू शकतात. कंपन लांबले तर अलिंद मोठे होते, त्यात तंतुमय ऊतक साठते. आणि ते सहसा मागे फिरत नाही.

या प्रयोगाने काळ हा केवळ विकाराचा साक्षीदार राहिला नाही. तो विकाराच्या कारणांपैकी एक ठरला. 'केव्हा' हा प्रश्न येथून खऱ्या अर्थाने सुरू झाला.

४

असे असता पुढील वीस वर्षे ॲब्लेशन हा शेवटचा उपाय का राहिला? याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण प्रमाणांचे. २००२ साली 'अफर्म' ही मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ४,०६० रुग्ण होते, सरासरी वय सत्तरीच्या घरात. एका गटात औषधांनी ताल टिकविण्याचा प्रयत्न झाला, दुसऱ्यात केवळ गती आवरली गेली. ताल टिकविणाऱ्या गटात मृत्यू कमी झाले नाहीत. किंबहुना आकडा किंचित अधिकच होता. यावरून 'ताल टिकविण्यात अर्थ नाही' असे वाक्य रूढ झाले. वास्तविक चाचणीने सिद्ध केले होते ते इतकेच, की त्या काळच्या औषधांनी, त्या वयाच्या रुग्णांत, ताल टिकविण्याचा प्रयत्न करून आयुष्य वाढत नाही. या विधानातील तिन्ही मर्यादा लोकवापरात गळून गेल्या. भाषेच्या अभ्यासकाला हे नवे नाही. वाक्य जितके प्रवास करते तितकी त्याची क्रियाविशेषणे झिजतात.

दुसरे कारण धोक्याचे होते, आणि ते खरे होते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कप्पाटो यांच्या जागतिक पाहणीत ८,७४५ रुग्णांपैकी सुमारे ६ टक्क्यांत किमान एक गंभीर उपद्रव नोंदला गेला. हृदयाभोवती रक्त साठणे, पक्षाघात, शिरेचे मुख आकसणे हे त्यांतील प्रमुख. अन्ननलिका व अलिंद यांच्यामध्ये भोक पडणे हा अत्यंत विरळ पण बहुधा प्राणघातक उपद्रवही याच वर्षांत लक्षात आला. ज्याला महिन्यातून एकदा तासभर धडधड होते, अशा माणसाला हा धोका पत्करण्यास सांगणे कोणत्याही विवेकी डॉक्टरला जड गेले असते.

तिसरे कारण नावांचे, आणि तेच आपल्या विषयाचे. २००१ साली अमेरिकी व युरोपीय हृदयरोग-संस्थांनी मिळून जी मार्गदर्शिका काढली, तिने अलिंदकंपनाचे तीन प्रकार स्वीकारले. पॅरॉक्सिस्मल, म्हणजे झटक्यांनी येणारे व आपोआप थांबणारे, बहुधा सात दिवसांच्या आत. पर्सिस्टंट, म्हणजे सात दिवसांहून अधिक टिकणारे. आणि पर्मनंट, म्हणजे कायमचे. पहिला शब्द ग्रीक, 'टोचून डिवचणे' या अर्थाच्या धातूपासून झालेला. दुसरा 'ठाम उभे राहणे' या अर्थाच्या, तिसरा 'राहणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून. तिन्ही शब्द क्रियेच्या व्याप्तीचे वर्णन करतात असे वाटते. पण तिसऱ्याची व्याख्या पाहावी. २००१ मध्ये ताल परत आणण्याचा प्रयत्न फसला असेल किंवा केलाच नसेल तर विकारास पर्मनंट म्हणत. २०१० च्या युरोपीय मार्गदर्शिकेने हे अधिक उघड केले. रुग्णाने व डॉक्टरने विकार तसाच राहू देण्याचे मान्य केले म्हणजे तो पर्मनंट. आणि पुढे विचार बदलून ताल परत आणावयाचे ठरले, तर त्याच विकाराला 'दीर्घकाळ टिकलेला पर्सिस्टंट' म्हणावे. हृदय तेच, आलेख तोच; नाव बदलले ते निर्णयामुळे.

मराठी वाचकाला हे समजण्यास अडचण पडू नये. 'कायम' हा शब्द आपल्याकडे अरबीतून, फारसीच्या वाटेने आला. त्याचा मूळ अर्थ 'उभा असलेला'. आपण एखादी गोष्ट कायम 'राहिली' म्हणतो, तद्वतच कचेरीतला कारकून कायम 'झाला' असेही म्हणतो. तो आपोआप कायम होत नाही. त्याला हुकूम काढून कायम केले जाते. पर्मनंट अलिंदकंपन हे या दुसऱ्या अर्थाने कायम असते. पण रुग्णाच्या कागदावर तो शब्द लिहिला गेला की तो पहिल्या अर्थाने वाचला जातो. रुग्ण समजतो की आता काही होणे नाही, पुढचा डॉक्टरही तसेच समजतो. हेरिंगचा 'पर्पेच्युअस' शंभर वर्षांनी या रूपाने परत आला असे म्हणावयास हरकत नाही.

याच्या जोडीला 'औषधाला न जुमानणारे' हे विशेषण होते. ॲब्लेशन कोणास करावे? ज्याचा विकार किमान एका औषधाला जुमानत नाही त्यास. हे विशेषण लक्षणाचे वाटते, प्रत्यक्षात ते क्रम सांगते: आधी औषध, मग त्याचे अपयश, मग ॲब्लेशन. अपयश ठरण्यास किती काळ लागेल हे कोठेही सांगितलेले नव्हते. एक औषध, मग दुसरे, मग मात्रेत बदल, असे करता करता वर्षे जात. मास्ट्रिख्टच्या शेळ्यांनी ज्या काळाविषयी इशारा दिला होता, तोच काळ या एका विशेषणाच्या आड खर्च होत होता.

या विलंबाची किंमत काय, हे पुढे २०१५ साली 'स्टार एएफ-२' या चाचणीने अप्रत्यक्षपणे दाखविले. पर्सिस्टंट प्रकाराच्या ५८९ रुग्णांत काहींच्या केवळ शिरा तोडल्या, इतरांत अलिंदाच्या भिंतीवरही अधिक दाहन केले. अधिक दाहनाने फळ अधिक मिळाले नाही. गंजी पुष्कळ वाळल्यावर ती अधिक जाळून काही साधत नाही, असाच याचा अर्थ.

५

क्रम उलटा करून पाहण्याचा पहिला प्रयत्न २००५ साली झाला. वझनी व सहकाऱ्यांनी ७० रुग्णांत ॲब्लेशन हाच पहिला उपचार म्हणून दिला व औषधांशी तुलना केली. वर्षभरात विकार परतण्याचे प्रमाण औषधांच्या गटात ६३ टक्के, ॲब्लेशनच्या गटात १३ टक्के निघाले. चाचणी लहान होती. २०१२ साली २९४ रुग्णांच्या 'मंत्रा-पीएएफ' चाचणीत दोन वर्षांचा एकूण हिशेब पाहता दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही, मात्र दोन वर्षांच्या अखेरीस ॲब्लेशनच्या गटात कंपनाचे ओझे कमी होते. म्हणजे निकाल लागला असे कोणी म्हणू शकत नव्हते.

दरम्यान तंत्र बदलत होते. शिरेच्या मुखाशी फुगा टेकवून अतिशीताने एकदम कडे उमटविण्याची रीत आली. व्रण घालण्याचे काम अधिक एकसारखे व सुरक्षित झाले. २०२० च्या अखेरीस कॅनडातील 'अर्ली-एएफ' चाचणीचा निकाल आला. ३०३ रुग्ण, कातडीखाली बसविलेल्या नोंदणी-यंत्राने प्रत्येकाच्या तालावर अखंड नजर. वर्षभरात ॲब्लेशनच्या गटात ४२.९ टक्क्यांत आणि औषधांच्या गटात ६७.८ टक्क्यांत विकार परतला. गंभीर उपद्रव अनुक्रमे ३.२ व ४ टक्के. तीन वर्षांनंतरचा आकडा अधिक बोलका आहे. झटक्यांचा विकार टिकाऊ प्रकारात गेला असे रुग्ण ॲब्लेशनच्या गटात १.९ टक्के आणि औषधांच्या गटात ७.४ टक्के. २०२१ च्या 'अटेस्ट' चाचणीतही २५५ रुग्णांत, तीन वर्षांच्या अंदाजाने, असेच दिसले: २.४ टक्के विरुद्ध १७.५ टक्के.

या आकड्यांचे महत्त्व लक्षात घेतले पाहिजे. पहिल्या चाचण्या 'झटका परतला का' असे विचारीत होत्या. या 'विकार पुढच्या पायरीवर गेला का' असे विचारतात. प्रश्नातच काळ आला आहे.

६

आता 'लवकर' या शब्दाकडे वळू. २०२० साली किर्खहोफ व सहकाऱ्यांची 'ईस्ट-एएफनेट-४' ही युरोपीय चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात २,७८९ रुग्ण होते, आणि त्यांच्या विकाराचे निदान वर्षभराच्या आतले होते. लवकर ताल सांभाळण्याचा प्रयत्न केलेल्या गटात मृत्यू, पक्षाघात व हृदयविकारामुळे रुग्णालयात दाखल होणे या घटना एकत्रित धरता दर शंभर रुग्ण-वर्षांमागे ३.९ होत्या, तर नेहमीच्या उपचाराच्या गटात ५.०. 'अफर्म'पासून अठरा वर्षांनी वारा उलट दिशेने वाहू लागला. पुष्कळांनी यावरून 'लवकर ॲब्लेशन करावे' असा अर्थ घेतला. परंतु लवकर उपचार दिलेल्या गटातही बहुतेकांना औषधेच दिली गेली होती. दोन वर्षांअखेर त्यांपैकी सुमारे एकपंचमांश रुग्णांचेच ॲब्लेशन झालेले होते. चाचणीने 'लवकर' सिद्ध केले, 'ॲब्लेशन' नव्हे. पुन्हा एकदा वाक्यातील एक पद प्रवासात बदलले.

याउलट २०२३ साली मेलबर्न येथील कालमन व सहकाऱ्यांची एक लहान पण नेमकी चाचणी प्रसिद्ध झाली. ॲब्लेशन करावयाचे ठरलेल्या शंभर रुग्णांना दोन गटांत विभागले. एका गटाचे ॲब्लेशन महिन्याभरात, दुसऱ्याचे बारा महिन्यांनी, मधल्या काळात औषधे. ॲब्लेशननंतरच्या वर्षात विकार न परतलेल्यांचे प्रमाण ५६.३ व ५८.६ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. या निकालाने काहींना वाटले की 'लवकर'चा सिद्धांत कोसळला.

दोन्ही निकाल परस्परविरोधी आहेत काय? मला तसे वाटत नाही. 'लवकर' हे सापेक्ष क्रियाविशेषण आहे. त्याला अपादान लागते. लवकर म्हणजे कशापासून लवकर? 'ईस्ट'मध्ये मोजणी निदानापासून होती. मेलबर्नमध्ये ती ॲब्लेशनचा निर्णय झाल्यानंतरची होती, आणि वाट पाहणाऱ्या गटाचा विकार औषधांनी आवरलेला होता. पहिली चाचणी विचारते, रुग्णाकडे लक्ष केव्हा द्यावे? दुसरी विचारते, लक्ष दिल्यावर रांगेत वर्षभर थांबल्यास बिघडते काय? दोन प्रश्नांना एकच शब्द वापरल्यामुळे दोन उत्तरे भांडताना दिसतात.

आणखी एक तिसरे 'पासून' आहे, व ते कोणत्याही चाचणीला मोजता आलेले नाही. विकाराचा खरा आरंभ निदानाच्या कितीतरी आधीचा असू शकतो. निदानापासून ॲब्लेशनपर्यंतचा काळ वर्षभराहून कमी असल्यास विकार परतण्याचा धोका सुमारे एकचतुर्थांशाने कमी दिसतो, असे २०२० साली च्यू व सहकाऱ्यांनी सहा अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात दाखविले. परंतु निदान ही रोगाच्या चरित्रातील घटना नव्हे. ती डॉक्टरच्या दप्तरातील नोंद आहे. मॅकेन्झीला त्या स्त्रीच्या विकाराचा आरंभ दिसला, कारण तो तिला आधीपासून ओळखत होता. बहुतेक रुग्णांच्या नशिबी असा डॉक्टर नसतो.

७

२०२३ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेने जुन्या प्रकारांभोवती एक नवी चौकट घातली. विकाराच्या चार पायऱ्या तिने सांगितल्या. पहिली, विकार नाही पण स्थूलता, रक्तदाब यांसारखी कारणे आहेत. दुसरी, अलिंदात पूर्वचिन्हे आहेत. तिसरी, विकार आहे. चौथी, तो पर्मनंट मानला आहे. तिसऱ्या पायरीच्या एका पोटविभागात यशस्वी ॲब्लेशननंतर विकारमुक्त असलेले रुग्ण ठेवले आहेत. म्हणजे ज्याचा विकार थांबला तोही विकाराच्या पायरीवरून उतरलेला नाही. याचा व्यवहारातला अर्थ गंभीर आहे. ॲब्लेशननंतर किमान दोन-तीन महिने, आणि पुढेही गुठळीचा धोका असलेल्या रुग्णास, रक्त साकळू न देणारे औषध चालू ठेवावे लागते. ताल सुधारला म्हणून ते सुटत नाही. त्याच मार्गदर्शिकेने झटक्यांच्या, लक्षणे असलेल्या निवडक रुग्णांत, विशेषतः वयाने लहान व इतर विकार थोडे असलेल्यांत, ॲब्लेशनला पहिल्या उपचाराचे स्थान दिले. २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शिकेनेही रुग्णाशी विचारविनिमय करून तसे करण्यास मान्यता दिली. 'औषधाला न जुमानणारे' ही अट या रुग्णांपुरती गेली.

आपल्याकडे एक गोष्ट विसरता कामा नये. मॅकेन्झीच्या त्या रुग्ण स्त्रीप्रमाणे संधिवाताच्या ज्वराने झडप आकसून अलिंदकंपन झालेले रुग्ण भारतात आजही मोठ्या संख्येने आहेत, आणि वर सांगितलेल्या चाचण्या मुख्यतः अशा रुग्णांवर झालेल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत 'लवकर' या शब्दाचा अर्थ झडपेच्या उपचारापासून, किंबहुना बालपणी घशाला सूज आली असता वेळेवर दिलेल्या पेनिसिलिनपासून मोजावा लागेल. बोर्दो व मेलबर्नची कालगणना त्यांना जशीच्या तशी लावणे हे एक नवे भाषांतर-दोषाचे उदाहरण ठरेल.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. १९०३ पासून आजपर्यंत या विकारावर केव्हा उपचार करावा हे जितके मोजमापांनी ठरविले, तितकेच विशेषणांनीही ठरविले: 'अखंड', 'कायमचे', 'औषधाला न जुमानणारे', आणि आता 'लवकर'. पहिल्या तिघांनी उपचार पुढे ढकलला. त्यांतील पहिले अनुभवाने खोटे ठरले, दुसरे निर्णयाचे नाव निघाले, तिसऱ्याचा अंमल चाचण्यांनी आटोपता घेतला. 'लवकर' हे त्यांच्याहून बरे विशेषण आहे, कारण त्याच्या मागे प्रयोग आहेत. पण तेही एकटे सोडले तर घाई असा अर्थ घेऊन बसेल, आणि ज्यांना थांबण्याने काही अपाय नाही अशांना टेबलावर नेईल. किंवा ज्यांचा आरंभ केव्हाच होऊन गेला आहे अशांना उगाच आशा लावील. म्हणून हा शब्द जेव्हा जेव्हा कागदावर येईल, तेव्हा तेव्हा त्याच्यामागे 'पासून' लिहिलेले आहे की नाही, हे पाहण्याची सवय डॉक्टरने लावून घेतली पाहिजे. आणि रुग्णाने ते विचारले तर त्यात त्याचा उद्धटपणा मानू नये.